भैरवीची अकरा अंडी

संक्रांत मागे पडली की आमच्या सोसायटीला हुरड्याची हुक्की येते. यंदाही आली. गारखेड्यातल्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर गॅसची शेगडी मांडून, नॉनस्टिक तव्यात पाकिटातला हुरडा परतला गेला, त्यावर लोण्याचा गोळा पडला आणि लोक म्हणाले, "वा, काय मातीचा वास!" माती त्या गच्चीवर फक्त तुळशीच्या कुंडीत होती, तीही रोपवाटिकेतून पिशवीत आलेली. मी माझी बशी घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीला जाऊन उभी राहिले. ज्यानं आगटीत भाजलेलं गरम कणीस तळवा पोळेपर्यंत चोळलेलं नाही, त्याच्या तोंडून हुरड्याचं कौतुक मला ऐकवत नाही. ही माझी खोड आहे. माणसं चुकत असली की मला एक थंडगार मजा वाटते. या मजेनं माझं एकदा कायमचं नुकसान केलं, आणि तेही याच दिवसांत, चार वर्षांपूर्वी.

मी सिल्लोड तालुक्यातली. घरी कपाशी, मका, दोन म्हशी आणि अंगणात मोजता न येणाऱ्या कोंबड्या. सासर मात्र पिढ्यान्‌पिढ्या कारकुनीतलं, त्याआधी भिक्षुकीतलं. मंदारची आणि माझी ओळख कॉलेजातली. लग्न सासरच्यांनी मोठ्या मनानं स्वीकारलं, म्हणजे मी ‘व्हय’ म्हटलं की कुणी हसायचं नाही, नुसतं एकमेकांकडे बघायचं. वर्षभरात माझं ‘लई’ गेलं आणि ‘खूप’ आलं. बारा वर्षांत त्या घरानं मला शेतीतलं एक अक्षर विचारलं नाही. दाराशी येणारा भाजीवाला कोवळी भेंडी म्हणून जून भेंडी गळ्यात मारून जायचा आणि सासूबाई ती कौतुकानं चिरायच्या. मला दिसायचं. मी बोलायची नाही. विचारलं नाही ना, मग खा.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांना निसर्गाची ओढ लागली. ती लागते हल्ली. आयुष्यभर ज्यांनी बुटाला चिखल लागू दिला नाही, त्यांनाच साठीनंतर मातीची हाक ऐकू येते. पैठण रोडला, गावापासून जरा आत, त्यांनी पंधरा गुंठे घेतले. विहिरीचं पाणी, एक खोली, पुढं पत्र्याची पडवी. पंधरा गुंठ्यांना ते ‘मळा’ म्हणायला लागले. पहिल्या दिवशी सगळे फोटो काढत होते तेव्हा मी कोपऱ्यात बसून ढेकूळ फोडलं. काळीभोर, सुपीक माती. बोटांत घेतली तर चिकटून राहणारी. घरी पोचेपर्यंत मी तो हात धुतला नाही.

मला ती जागा हवी होती. सातबाऱ्यावर नाव नको होतं, नुसते हात घालायला हवी होती. अप्पा त्या दिवशी पडवीत उभं राहून म्हणाले, "एक वर्ष बघायचं. जमलं, तर दोन खोल्या वाढवून सगळे इथंच राहायला येऊ. नाही जमलं, तर विकून मोकळं व्हायचं." मंदारला वाळूजची कंपनी तिथून फार लांब पडणार नव्हती, लेक ईरा तेव्हा आठ वर्षांची, तिची शाळा बदलता आली असती. बारा वर्षांत मी पहिल्यांदा देवाकडे काहीतरी मागितलं. हे जमू दे म्हटलं.

आणि मग मी बघत बसले, ते कसं जमवतात ते.

मोबाइलवर कुणी एक गृहस्थ होते. धुतलेली टोपी घालून ते ‘सजग शेती’ शिकवायचे. अप्पांचे ते गुरू. गुरूंनी सांगितलं म्हणून मराठवाड्यातल्या उत्तम काळ्या जमिनीवर लाकडी चौकटी ठोकल्या गेल्या आणि त्यांत टेम्पोनं आणलेली विकतची माती भरली गेली. मातीवर माती! शेजारच्या कौसाबाई बांधावर उभ्या राहून पदर तोंडाला लावून ते बघत होत्या. चौकटींत ब्रोकोली लागली, लेट्यूस लागलं, लाल-पिवळे चिमुकले टोमॅटो लागले. मेथी, शेपू, लसूण यांना तिथं मज्जाव होता, कारण त्या भाज्या बाजारात मिळतात. कडेला शोभेसाठी म्हणून ज्वारीची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, पेरली होती. कणसं भरली तेव्हा राखणीला कुणी नव्हतं, पाखरांनी दाणा न्‌ दाणा टिपला. अप्पा म्हणाले, "निसर्गाचा वाटा निसर्गाला." मी मनात म्हटलं, निसर्गाला तुमच्यासारखा माणूस रोज मिळो.

कोंबड्या कौसाबाईंकडूनच घेतल्या. पाच कोंबड्या, एक कोंबडा, अस्सल गावरान. अप्पांना गाण्याचा नाद, त्यामुळे तोडी, आसावरी, जौनपुरी अशी बारशी झाली. तांबूस पिसांच्या सगळ्यांत शहाण्या कोंबडीचं नाव भैरवी आणि कोंबड्याचं भैरव. घर शाकाहारी, म्हणून अंड्यांबद्दल एक बैठक बसली. ठरलं असं, की अंडी मळ्यावर खायची, गारखेड्यात आणायची नाहीत. मळ्यावर वेगळा तवा, त्याच्या कानाला लाल दोरा. म्हणजे तेच अंडं पैठण रोडला सात्त्विक आणि बीड बायपास ओलांडला की अभक्ष्य. सासूबाई अंड्याला हात लावत नसत, पण भैरवीला मात्र मुठीनं भिजवलेली डाळ घालत आणि तिच्याशी बोलत. ते बघून मला हसू यायचं. आता आठवतं तेव्हा कळतं, की त्या घरात निर्मळ मनानं काहीतरी करणारी ती एकटीच बाई होती.

भैरव पहाटे आरवायचा. कोंबडे आरवतात. अप्पा-सासूबाई बरेचदा मळ्यावरच मुक्काम करत आणि अप्पांना मात्र ते पहाटेच्या ध्यानात खुपायला लागलं. शिवाय एकदा त्यानं अप्पांच्या धोतराला चोच मारली. दिवाळीत अप्पांनी त्याला पलीकडच्या फार्महाउसच्या वॉचमनला देऊन टाकलं, "सांभाळ हो नीट" असं बजावून. त्यानं आठवड्यात सांभाळला. पुढच्या खेपेला अप्पांनी विचारलं तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "लई ग्वाड लागला साहेब." अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. मंदार म्हणाला, "अप्पा, कोंबड्याचं काय अडलंय? अंडी तर मिळताहेतच रोज." खरंच मिळत होती. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते. एवढ्यावर त्या सगळ्या पदवीधर घरानं कोंबडा हा विषय बंद केला.

जानेवारीच्या शेवटी भैरवी खुडूक झाली. कोंबडीला अंडी उबवायची इच्छा झाली की ती खुराड्यातून उठत नाही, पिसं फुगवते, जवळ गेलं की गुरगुरते, तिला आमच्याकडं खुडूक म्हणतात. अप्पांना आधी वाटलं आजारी आहे. मग गुरूंचा व्हिडिओ सापडला आणि घरात आनंदीआनंद झाला. पिल्लं होणार! सासूबाईंनी पंचांग काढलं. पौषात नवं काही नको, माघ लागू दे, त्यातही चतुर्थी सोडून पंचमीला. तोवर ती बिचारी रिकाम्या गवतावर बसून राहिली. पंचमीला टोपल्यात कडबा पसरून, टोपल्याला हळदकुंकू लावून अकरा अंडी मांडली. प्रत्येकावर अप्पांनी पेन्सिलीनं क्रमांक आणि तारीख घातली. चाळीस वर्षांच्या नोकरीत फायलींवर घातली तशीच, खाली बारीक सही करून.

मी हळदकुंकवाची कोयरी धरून उभी होते. अंडी बघताक्षणी मला कळलं होतं. कोंबडा जाऊन तीन महिने झालेले. त्या अकरांतून काहीही निघणार नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. कौसाबाईंकडून आठ-दहा अंडी उसनी आणायची होती, त्यांच्या अंगणात दोन कोंबडे होते. पाच मिनिटांचं काम.

मी बोलले नाही. दुपारी कौसाबाई बांधावर भेटल्या.

"आगं, कोंबडा तर त्या वाचमननं दिवाळीतच खाल्ला ना?" त्या म्हणाल्या. "मग ही काय गोट्यांवर बसलीय व्हय? सांग की तुझ्या सासऱ्याला."

"नका सांगू मावशी," मी म्हटलं. माझी जुनी बोली तोंडात आपोआप आली. "बघू दे की त्यांना, मोबाइलातून पिल्लं निघत्यात का."

कौसाबाई हसल्या नाहीत. "हे नाय बरं करत तू," त्या म्हणाल्या. "माणसावर राग असंल तर माणसाला बोल. ती मुका जीव बसून बसून झिजंल, तिनं काय केलंय तुझं?"

मला त्यांचाही राग आला. बाकी सगळ्यांसारखाच. तुच्छतेत एक सोय असते, तिला उठून काही करावं लागत नाही. खुर्चीत बसल्या बसल्या माणूस सगळ्यांच्या वर जातो. बारा वर्षं मी त्या खुर्चीत बसले होते आणि आता मला तिथून खेळ बघायचा होता.

आठव्या दिवशी अप्पांनी अंडी तपासली. गुरूंनी सांगितलं होतं, की अंड्यामागं उजेड धरला की आतला जीव दिसतो. तिन्हीसांजेला खोलीचं दार लावून, पुठ्ठ्याच्या नळीला मोबाइलचा दिवा लावून त्यांनी क्रमांक एक त्यावर धरलं. आतून अंडं नितळ, पिवळट उजळलं. पिल्लू धरलं असतं तर लाल शिरांचं जाळं दिसलं असतं, आमच्या घरी आज्जी खिडकीच्या उन्हात धरून सांगायची. इथं नुसती बलकाची सावली हलत होती.

"डोळा!" अप्पा कुजबुजले. "तो बघा, डोळा दिसतोय."

मंदारला डोळा दिसला. सासूबाईंना चोच दिसली आणि त्यांनी हात जोडले. ईरा म्हणाली, तिला धडधड दिसतेय. इंजिनिअर, बी.ए., आणि इंग्रजी शाळेतली तिसरी. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. ईरानं विचारलं, "आई, तुला दिसतंय का?"

"दिसतंय की," मी म्हटलं.

एवढा वेळ मी नुसती गप्प होते. त्या संध्याकाळी मी खोटं बोलले, माझ्या लेकीशी, आणि तेही हसू दाबत.

त्या दिवसांचं बाकी सगळं अजून लख्ख आठवतं. सकाळी अंगाला बोचणारा आणि दहा वाजता मऊ होणारा गारवा. विहिरीच्या कडेला पिकलेली बोरं. हरभऱ्याच्या पानांवरची आंब, म्हणजे आंबट दव, जी मी शेजारच्या शेतात जाऊन जिभेवर लावून यायची. सगळे चौकटींभोवती खुरपी घेऊन वाकलेले असताना मी कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला, कुणाला न सांगता, मूठभर लसूण टोचला होता. तो भराभर वर आला. अप्पांना वाटलं गवत आहे आणि त्यांनी उपटून टाकला. मी तेव्हाही काही म्हटलं नाही. त्या हिरव्या काड्यांचा वास त्यांच्या हाताला दिवसभर येत होता आणि ते म्हणत होते, कसलं उग्र गवत आहे. मला तो विनोद आठवडाभर पुरला. लसूण मात्र गेला.

भैरवी दिवसातून एकदा उठायची. घाईघाईनं चार दाणे, दोन घोट पाणी, की परत टोपल्यात. छातीची पिसं झडून कातडी लाल दिसायला लागली. तुरा फिकट पडला. सासूबाई तिच्या तोंडाशी डाळ धरायच्या आणि म्हणायच्या, "थोडेच दिवस गं बाई." मी जवळून जायची तेव्हा ती मान वळवून माझ्याकडे एका डोळ्यानं बघायची. कोंबड्या तशाच बघतात, त्यात काही अर्थ नसतो. तरी मी दुसऱ्या बाजूनं जायला लागले.

अप्पांनी एकविसावा दिवस मोजला तर तो रविवार निघाला. त्यांनी हुरडा पार्टीच ठेवली. हुरडा खा आणि पिल्लं बघा! वीसेक माणसं बोलावली, त्यांत कचेरीतले त्यांचे जुने साहेब. ज्वारी तर पाखरांनी नेलेली, म्हणून मंदार आणि मी आदल्या दिवशी रस्त्याकडेच्या गाड्यावर गेलो. "लेव बाजी, असली सुरती है, गूळ के माफिक मीठा," गाडीवाला म्हणाला. सुरती म्हणजे खास हुरड्याची ज्वारी. कणसांच्या चार पेंढ्या घेतल्या आणि अप्पांच्या सांगण्यावरून त्या ज्वारीच्या रिकाम्या धाटांशेजारी ठेवल्या, घरच्या दिसाव्यात म्हणून.

पाहुणे आले. पांढरे बूट, गॉगल, टोप्या. गोवऱ्या पेटल्या, आगटी धरली, हुरड्यासोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ मांडला. कणसं चोळायला मी आणि कौसाबाई. बाकी सगळे फोटो चोळत होते. एक बाई म्हणाल्या, "घरच्या हुरड्याची चवच वेगळी हो." अप्पा लाजून हसले. मी कणीस चोळत राहिले. सगळा मेळा मला इतका क्षुद्र वाटत होता आणि मी इतकी खूश होते, की हात पोळल्याचं जाणवलं नाही.

बारा वाजता मंडळी खुराड्याशी जमली. अप्पांनी भैरवीला हळूच उचललं. अकराच्या अकरा अंडी जशीच्या तशी, पेन्सिलीच्या सह्यांसकट. अप्पा म्हणाले, "वेळ आहे अजून. संध्याकाळपर्यंत." साहेब म्हणाले, "एखादं फोडून बघा की. कदाचित आतून जोर पुरत नसेल." ईरा पुढं सरकून उभी होती. अप्पांनी क्रमांक चार घेतलं, कानाशी धरलं, काडीनं अलगद टिचकी मारली.

नासकं अंडं फटकन फुटलं. अप्पांच्या नव्या झब्ब्यावर, दाढीवर, चष्म्यावर हिरवट-काळं पाणी उडालं. असा वास सुटला, की हुरड्याच्या बशा टाकून लोक फाटकाकडे पळाले. पळता पळता हसत होते. साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "यापेक्षा फायली बऱ्या होत्या हो!" त्यावर हशा झाला. गाड्या सुरू झाल्या, काचा वर गेल्या. अप्पा तिथंच उभे होते, हातात अर्धं टरफल धरून. ईरा रडत होती. सासूबाई पदर भिजवून त्यांचा चष्मा पुसत होत्या आणि त्यांना तो नीट पुसता येत नव्हता.

मला हवं होतं ते हेच. अगदी असंच. ते झालं आणि मला काही म्हणजे काही मजा आली नाही.

पुढच्या रविवारी अप्पा आणि मी दोघंच मळ्यावर होतो. मंदार गाडीत हवा भरायला ईराला घेऊन गेला होता. अंडी पुरली होती, पण भैरवी रिकाम्या टोपल्यातून उठत नव्हती. अप्पा पडवीतल्या खुर्चीत बसले होते. एकाएकी म्हणाले, "वैशाली, इकडे ये. बस."

मी बसले.

"तुला मी कधी काही विचारलं नाही," ते म्हणाले. "चुकलंच ते. तू शेतकऱ्याच्या घरातली. लहानपणापासून हे बघितलेलं. मला सांग, आमचं कुठं चुकलं? तुला ठाऊक असेल तर आजपासून हे सगळं तुझ्या हातात. तू सांगशील तसं. या चौकटी उपटून टाक हवं तर. मी इथं खुर्ची टाकून बसेन आणि पाणी सोडीन."

बारा वर्षं ज्याची वाट बघितली, ते माझ्यापुढं ठेवलेलं होतं. ती काळी माती, ती विहीर, ते आंब चढलेलं हरभऱ्याचं शेजार. नुसतं ‘कोंबडा’ म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग आधी का नाही बोललीस? दिव्यासमोर ‘दिसतंय’ का म्हणालीस? अप्पांचा चष्म्यामागचा चेहरा अगदी उघडा होता, त्यात रागाचा लवलेश नव्हता. मला त्या माणसाची आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली, म्हणजे त्याच्यापुढं माझी.

"नाही माहीत, अप्पा," मी म्हटलं.

"तुलाही नाही माहीत," ते म्हणाले. "मग हे आपल्यापैकी कुणाचंच काम नाही."

होळीच्या आत सौदा झाला. कोंबड्या कौसाबाईंनी नेल्या. चैत्रात मी एकदा कसलंसं निमित्त काढून त्यांच्याकडे गेले. भैरवी अंगणात नऊ पिल्लं घेऊन फिरत होती. कौसाबाईंनी चहा दिला आणि पिल्लांपुढं मूठभर कण्या टाकल्या. आमच्या त्या जागेवर आता हिरवळ आहे, कारंजं आहे, आणि हंगामात हुरड्याच्या पार्ट्या होतात. मी या मोसमात त्या रस्त्यानं जात नाही. पैठणला जायचं झालं तर पुढचे महिने बघते.

खरं कारण अप्पांना कळलं, सौदा झाल्यावर महिन्याभरानं. त्याच गुरूंनी, त्याच टोपीत, कोंबड्याचं महत्त्व सांगितलं. अप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तेव्हापासून तो त्यांचा आवडता किस्सा आहे. हुरड्याच्या दिवसांत कुणी ना कुणी पाकीट घेऊन येतं, विषय मळ्यावर जातो आणि अप्पा रंगात येतात. पंचमीचा मुहूर्त, पेन्सिलीच्या सह्या, साहेबांचा रुमाल, ते काही गाळत नाहीत, स्वतःवर सगळ्यांत जास्त हसतात. मी आतून चहा घेऊन येते. मग कुणीतरी हमखास माझ्याकडे वळून म्हणतं, अहो, पण तुम्ही तर शेतकऱ्याच्या घरातल्या, तुमच्याही लक्षात आलं नाही?

मी ट्रे खाली ठेवते. उत्तर अप्पा देतात. थकलेला हात वर करून, मला सांभाळून घेत, दर वर्षी तेच.

"तिला हसू नका हं. ठाऊक असतं तर तिनं सांगितलंच असतं."